शून्य ते शंभर

ऐरोली, सेक्टर आठ. लिफ्ट बंद.
माजी सैनिकांचा फॉर्म घेऊन आलेली मुलगी धापा टाकत विचारते,
हवालदार दौलतराव निकम?
"हजर."
गेल्या महिन्यात एक जिना चढताना त्रास झाला?
"पाठीवर किती वजन?" हे विचारतात.
ती कागद उलटते. तसा रकानाच नाही.

दुखणं? "किरकोळ." झोप? "लागते."
मी चहा गाळत गप्प.
रात्री खाडीकडे फटाका वाजला की
हे अंधारात चपला चाचपतात,
आधी माझ्या.
ते कुठल्या प्रश्नात बसवू?

आजची तब्येत, शून्य ते शंभर?
"पंच्याऐंशी लिही, बाळ."

तिला सोडायला जिन्यापर्यंत जातात, ताठ,
भिंतीला हात न लावता.
दार बंद होतं.
मग लावतात.