दुसरा ब्रेक

पोलिश हिलवरच्या चर्चच्या पार्किंगमध्ये
त्यांनी ती गाडी आणून उभी केली,
नेमकी पिएरोगी विक्रीच्या शनिवारी,
म्हणजे माणसं आयतीच मिळतील.
पांढरी. आतून दातांच्या डॉक्टरकडच्या बैठकीसारखी:
समोरासमोर दोन बाकं,
स्टीअरिंग नाही, पेडल नाही,
खाली नुसता करडा गालिचा.

कंपनीचा मुलगा डेस्मंड, दाढी अजून कोवळी,
म्हणाला, विचारा, काय वाटेल ते विचारा.
लोकांनी विचारलं.
पुलावरचा काचेसारखा बर्फ, जो आम्हालाच दिसत नाही?
तिने कुणाला उडवलं तर तुरुंगात कोण बसणार, तू?
स्टॅन ओगोरझालेक म्हणाला,
पिट्सबर्ग लेफ्ट येतो का हिला?
सगळे हसले. डेस्मंड इथला नव्हता.
त्याला समजावून सांगावं लागलं:
सिग्नल हिरवा होतो, समोरचा डावीकडे वळायला टेकलेला असतो,
तेव्हा आपण क्षणभर थांबतो
आणि स्टीअरिंगवरची दोन बोटं उचलतो.
जा बाबा, आधी तू जा.
कायद्यात बसत नाही, पण आमच्यात बसतं.
डेस्मंडने लिहून घेतलं.
स्टॅनने विचारलं, आणि बोटं कुणाची उचलणार?

मी काहीच विचारलं नाही.
एकतीस वर्षं मी पोरांना गाडी शिकवली,
उजव्या सीटवर बसून.
माझ्या बाजूला स्टीअरिंग नव्हतं तेव्हाही,
होता फक्त दुसरा ब्रेक,
माझ्या बुटांनी गुळगुळीत केलेला.
शिकवणं म्हणजे, खरं सांगते, तेवढंच:
पाय त्याच्यावर तरंगता ठेवायचा
आणि दाबायचा नाही.
कोरीने पहिल्याच वळणावर डोळे मिटून घेतले होते.
मी दाबला नाही.
(दुसऱ्या वळणावर दाबला.)
आता तो ॲम्ब्युलन्स चालवतो.
विश्वास किती इंचांचा असतो मला माहीत आहे:
तळवा आणि पेडल यांच्यामध्ये मावेल एवढा.

एमिल मात्र रांगेत पहिला.
त्याला जगाच्या मधोमध आता धूर दिसतो,
कडेकडेने थोडं उरलंय.
चार वर्षांपूर्वी किल्ल्या त्याने
माझ्या हातात दिल्या नाहीत,
फ्रिजवर ठेवल्या,
आणि मी त्या तिथून उचलल्या
तो झोपल्यावर.
मी म्हटलं, एमिल, हिला ब्रेक नाहीये.
तो म्हणाला, इरमा,
चार वर्षं तुझ्या शेजारी बसतोय,
तिथे कुठे आहे?

बसलो. तो मागे तोंड करून, मी पुढे.
उतार लागला तसा माझा पाय
आपोआप गालिच्यात रुतला
आणि गाडी थांबली.
माझ्यामुळे नव्हे.
रस्त्यात एक खुर्ची होती,
स्वयंपाकघरातली, एक पाय वाकडा,
बर्फ उपसून मोकळी केलेली जागा
राखायला कुणीतरी मांडलेली,
वाऱ्याने सरकलेली.
पाच वर्षांच्या पोरालाही कळलं असतं.
गाडीला कळेना.
खुर्चीवर कुणी बसलेलं नाही
हे तिला काही केल्या पटेना.
मागे हॉर्न. डेस्मंड फोनवर कुणाला तरी
सर, सर, करत होता.

मग मीच उतरले.
खुर्ची उचलली, जिची जागा तिथे नेऊन ठेवली,
आणि वळून, सवयीने,
गाडीला दोन बोटं दाखवली.

दार मिटलं.
ती निघाली.

काचेमागे एमिल,
माझ्याकडे तोंड करून, मान किंचित तिरकी,
कडेच्या नजरेने मला शोधत
उताराने लहान होत गेला.
चार वर्षांत पहिल्यांदा माझ्याशिवाय कुठेतरी.
हसत होता की ओरडत होता
एवढ्या लांबून कळलं नाही.

पुढच्या कोपऱ्यावर ती थांबली म्हणे, आपणहून.
का, ते डेस्मंडलाही सांगता आलं नाही.
तोवर मी रस्त्याच्या मधोमध उभी होते,
उजव्या पायाने
डांबर दाबून धरून.