सहा मणांचं चाक

शेड विकली, लेथ गेला, ड्रिल गेलं,
उद्यमनगरातल्या आमच्या बोळात
शेवटी उरलं ते फ्लायव्हील.
सहा मण बीड, भिंतीला टेकून,
अठरा वर्षं एका जागी.
फरशीवर त्याच्या कडेचा गंजका चंद्र उमटलेला.

लहानपणी इंजिनचं डिझेल तोडलं तरी
हे फिरतच राहायचं.
मी एकोणतीसचा पाढा म्हणायची,
कधी निम्म्यावर थांबायचं, कधी पुरा व्हायचा.
दादा हात लावू द्यायचे नाहीत,
"त्येच्या त्येला थांबू दे."

बाबालाल शिकलगार काटा घेऊन आला,
बरोबर चार पोरं.
"हाय काय त्यात, टेम्पोत टाकतो."
पोरांनी खांदे लावले, पाय रोवले,
पाय मागं घसरले, चाक जिथल्या तिथं.
माझ्या पुस्तकात याला जडत्व म्हणतात.
दादा म्हणाले, "त्येला आजून कळलंच न्हाई, जायचंय म्हणून."

मी शिकवते हेच, राजारामपुरीत, आठवी ब.
फळ्यावर ठोकळा काढते, ठोकळ्याला बाण,
बाणावर एक अक्षर.
त्या ठोकळ्याला तेलाचा वास नसतो,
तो कधीच कुणाचा नसतो.
प्रांजल चौगुले विचारते,
"मॅडम, कुणी ढकलत नाही, कुणी अडवत नाही,
अशी वस्तू असती कुठं?"
मी म्हणते, कल्पना कर.
ती बाकाखाली बघते, खिडकीबाहेर बघते,
आणि वहीत लिहिते: कोल्हापुरात नाही.

तर दादा उठले.
आधी हात गुडघ्यावर, मग भिंतीवर, मग पहारेवर.
माणूस जमिनीला खाली दाबतो
तेव्हा ती त्याला वर देते,
सत्तरीनंतर हा व्यवहार डोळ्यांना दिसतो.
पहारेचं टोक कडेखाली, टेकूला विटेचं खांड.
दाबायचं, सोडायचं, दाबायचं.
चाक बोटभर पुढं, बोटभर मागं,
झोपेतली म्हैस कूस बदलते तसं.
"म्होरं कुणी उभारू नका!"

आमचा बोळ उताराचा आहे,
हे आजवर फक्त सांडपाण्याला माहीत होतं.

चाक निघालं.
आधी माणसाच्या चालीनं, मग सायकलच्या.
एका पोरानं धावत कड धरली
आणि सोडली. शहाणं पोर.
थांबलेलं हलवायला चौघं कमी पडले,
हललेलं थांबवायला किती लागतील
हे मोजायला कुणी थांबलं नाही.
दारातला इरफान झटकन मागं सरला,
ग्लासातला चहा सरला नाही,
क्षणभर होता तिथंच हवेत राहिला,
मग रस्त्यावर.
कशालाच न उठणारं कुत्रं उठलं.
मी मनात वस्तुमानाला वेगानं गुणत होते,
उत्तर यायच्या आत
बोळाच्या तळाशी
फाउंड्रीच्या काळ्या रेतीचा ढीग आला.

भिंत असती तर तिनं सगळं एकदम परत केलं असतं,
रोख.
रेतीनंही तेवढंच केलं,
पण हप्त्याहप्त्यानं.
चाक आत शिरत गेलं, आऱ्यांपर्यंत,
एकदा थरथरलं,
कलंडलं.
अशाच कुठल्या तरी रेतीत ते ओतलं होतं,
हे मला रात्री सुचलं. तेव्हा नाही.

दादा सगळ्यांत शेवटी पोचले, धापा टाकत.
कडेवर तळहात ठेवून उभे राहिले.
बाबालालनं विचारलं, "काटा हितंच आणू?"
"आण की. पर जरा दम धर,
आजून थांबलं न्हाई ते."

मी वाकून बघितलं.
रेतीचा एक कण घरंगळत नव्हता.

एकोणतीस एके एकोणतीस, म्हटलं मी,
एकोणतीस दुणे अठ्ठावन्न.