पुठ्ठ्याचा मॉनिटर

धानाची कोठी रिकामी केली तेव्हा
चार दिवस नाकातून कोंडा निघत होता.
आता भिंतींना तणसाची पोती बांधलीत,
छताला जुन्या वाकळी,
आणि दाराबाहेर खडूनं लिहिलंय:
रेकॉर्डिंग सुरू आहे, बकऱ्या सांभाळा.

टेबल म्हणजे न्हाणीचं जुनं दार,
रुंदी दोन फूट, कडी अजून शाबूत.
त्यावर मॉनिटर केवढा मांडायचा
एवढाच प्रश्न,
पण रोवणी संपल्यापासून त्यानं माझी झोप खाल्ली.

लॅपटॉपच्या चौकोनात बारा ट्रॅक बसतात
काळी-पिवळीत वऱ्हाड बसतं तसे;
एकाला सरकवावं
तर दुसऱ्याचा पाय तुडवला जातो.

गोंदियाचा रहांगडाले फोनवर म्हणाला,
बत्तीस घ्या, फोर के घ्या, आयुष्यभराचं काम.
आयुष्य केवढं धरलंय ते नाही बोलला.
त्याच्या दुकानात पाहिला होता मी फोर के, सत्तावीस इंचांत:
अक्षरं राळ्याच्या दाण्याएवढी.
दीडशे टक्के मोठी करा, म्हणे.
म्हणजे जेवढी जागा विकत घेतली
तेवढी चष्म्याला परत देऊन टाका.

सरपंचाकडे फ्रिज आला,
त्याचं खोकं मी मागून आणलं.
बत्तीस इंचांचा तुकडा कापला, तीन वीत आडवा,
विटांवर उभा केला
आणि आठवडाभर पुठ्ठ्याकडे बघत बसलो.
दोन फुटांवरून बत्तीस म्हणजे
शंकरपटाला अगदी खेटून उभं राहणं:
बैल ह्या टोकाला, बैल त्या टोकाला,
मान मात्र आपली.
पुठ्ठ्यावर बाण छापला होता, वरची बाजू.
तेवढं एकच रिझोल्यूशन मला नीट वाचता येत होतं.

मग पारबताबाई आल्या, कापगत्यांच्या,
रोवण्याची गाणी सांगायला.
माझ्याकडे दुसरी खोली नाही, काच नाही;
त्या टेबलापलीकडे, मी अलीकडे.
माईक लावला. हनुवटीनं खूण केली.
एक ओळ झाली, दुसरी अर्धी,
आणि थांबल्या.
"तू कोटी गेलास गा? तोंड दिसे नाही तुजा.
मी का खोक्याले गाऊ?"

विळा घेतला. वरून दोन बोटं कापली.
"अजून."
पुन्हा दोन.
"आता डोरे दिसते. पन मान कोटी हाले, ते दिसे नाही."
रुंदीला मी हात लावला नाही,
बारा जणांना आडवी जागा हवीच होती.
फक्त वरून, बोट बोट,
पार माझी हनुवटी उगवेपर्यंत.
पायाशी पुठ्ठ्याच्या पट्ट्या, त्यातच तो बाण.

एसटीत मांडीवर घेऊन बसलो उरलेला तुकडा.
कंडक्टर बघून गेला, काही बोलला नाही,
त्याचा तिरकस डोळाच बोलला.

रहांगडालेनं टेप लावला. पुन्हा लावला.
"हा तर असतो," जरा नाराजीनंच म्हणाला,
"एकोणतीस, अल्ट्रावाइड.
आडवे दोन हजार पाचशे साठ, उभे हजार ऐंशी.
कोणी सांगितला?"
मी म्हणालो, विळ्यानं कापला.

आमच्या शाळेत मॉनिटर म्हणजे
गुरुजी बाहेर गेले की
बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा पोरगा.
माझं नाव रोज असायचं, कधी अधोरेखित.

आता ह्या लांबट फळ्यावर
पहिलं नाव पारबताबाईंचं,
आणि त्यांची ओळ सुरू होण्याआधी
एक बारीक उंचवटा, मुंगीच्या वारुळाएवढा:
श्वास.
तो मी कापला नाही.

दुसऱ्या कडव्यात, डाव्या बाजूला, आणखी एक खुडखुड.
तणसातला उंदीर बोलला.
त्याचंही नाव लिहून ठेवलंय.