निचऱ्याची वही

एकतीस वर्षं मी हवामान केंद्रात नोंदी केल्या.
बर्फाची जाडी, वाऱ्याची दिशा, दर तीन तासांनी,
उणे चाळीसलाही हातमोजा काढून, पेन्सिलने.
शाई गोठते.
म्हणून डॉक्टर चुलूनबातनी कागदावर
माझं काळीज काढून दाखवलं, तेव्हा
मी आधी विचारलं, किती टक्के?

उजवी बाजू जाईल, म्हणाले. साठ.
गाठ जर्दाळूएवढीच,
पण बसलीय मोठ्या शिरेला खेटून.
उरेल ते वाढेल. माप येईल, पूर्वीचा आकार नाही.
आणि नाही वाढलं तर?
त्यांनी पेनाला टोपण लावलं. पुन्हा काढलं.
तर डोळे पिवळे होतील, पोटात पाणी भरेल,
दिवस-रात्रीची उलटापालट होईल.
माझ्या हातून असे चार गेलेत.
मला बरं वाटलं. अंदाज असा सांगावा.

आमच्या मंगोल बोलीत रक्ताच्या नात्याला
काळजाची माणसं म्हणतात.
आदल्या रात्री ती सगळी आली उलानबातरला,
थर्मासमध्ये खारट दुधाचा चहा घेऊन,
आणि मला पाण्याचीही बंदी.
चुलतभाऊ लुवसान सांगू लागला,
मेंढीचं काळीज चरबीच्या जाळीत गुंडाळून
कसं भाजायचं,
आणि मध्येच गप्प झाला.
मी पोट धरधरून हसले. तेव्हा टाके नव्हते.

सहा तास.
त्यांची नोंद माझ्याकडे नाही.

जाग आली ती दात वाजत.
नाकात नळी, मानेत नळी, कुशीतून एक
जिच्या टोकाला पिशवी लोंबते.
बरगड्यांखालून आडवी, मग छातीकडे वळलेली
टाक्यांची वाट.
खोकताना उशी पोटाशी धरा, नर्स म्हणाली.
खोकला एवढा मोठा असतो
हे कुणी बोललं नव्हतं.
उजवा खांदा ठणकेल, जिथे सुरी गेलीच नाही,
हेही नाही.
दुसऱ्या दिवशी उभं केलं. पलंगापासून दार.
दारापासून पलंग दुप्पट लांब होता.

पिशवीतलं मीच मोजू लागले.
सोमवार: तीनशे दहा, लालसर.
मंगळवार: दोनशे चाळीस, फिकट.
बुधवार: हिरवट झाक.
चुलूनबात वाकून बघत राहिले.
पित्त झिरपतंय. थांबू.
थांबणं मला येतं, तेवढंच तर केलं आयुष्यभर.

शेजारची त्सेव्हेलमा माझ्याआधी घरी गेली,
मला सुक्या दह्याचे खडे देऊन.
नवव्या दिवशी परत आणली. पिवळी.
मुलाला भावाच्या नावाने हाका मारत होती.
मग पडदा ओढला.
त्या दिवशी मी रकाना कोरा सोडला,
एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

आता घरी. चढावरचं आमचं नमद्याचं घर,
खाली शहर कोळशाच्या धुरात.
पाण्याचा कॅन उचलायचा नाही, बादलीही नाही,
ओयुनगेरेल उचलते, आणि मी बघत बसते
म्हणून चिडते, तीही, मीही.
मटणाला शिशाचा वास येतो.
दुपारी झोप घालते झडप, चमचा हातातच.

तिसऱ्या महिन्याचं स्कॅन:
उरलेलं फुगून, गोल होऊन,
उजवीकडच्या रिकाम्या जागेत सरकलंय,
कुंपणाशी वाऱ्याने बर्फ साचावा तसं.
गाठ नाही. सध्या, म्हणाले.
सध्या हा शब्द मला परका नाही.

मग वहीत बघतच विचारलं त्यांनी,
हा विषाणू तुमच्यात कधीचा?
आईकडून असेल, मी म्हटलं.
आणि मुलगी?

बाहेर ओयुनगेरेल
माझे बूट हीटरपाशी ऊब धरायला ठेवत होती.

काल तिने रक्त दिलं. बाही खाली करत म्हणाली,
मुंगी चावल्यासारखंसुद्धा नाही.
निकाल शुक्रवारी.
निचऱ्याच्या वहीत पानं उरली आहेत.
पेन्सिलला टोक केलं,
मग वही मिटून उशाखाली ठेवली.