पंक्तिप्रपंच

सहा हौद. प्रत्येकात बारा रोहू,
पाठीच्या पराशी दोऱ्यानं ओवलेला एकेक क्रमांक.
पहिल्या दोन हौदांना कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप.
तिसऱ्या-चौथ्याला तेच, वर जवसाचं तेल.
पाचव्या-सहाव्याला वाळल्या संत्रासालीचं पीठ,
काटोलहून पोत्यानं येतं ते;
मार्चपासून माझ्या ओढणीला, वहीला,
डब्यातल्या पोळीलाही तोच कडसर वास.

प्रश्न साधा होता, प्रबंधात तो अकरा ओळींचा झाला:
माद्यांनी काय खाल्लं म्हणजे
अंडी किती, फळतात किती, फुटतात किती.

मे महिन्यात सेमिनरी हिल्सचा डांबरी चढ
चपलेला चिकटत होता.
हौदांवर हिरवी जाळी, जाळीखाली गुडघाभर पाण्यात
रेवाराम नान्हे. पिढीजात ढिवर,
कागदोपत्री रोजंदारी मदतनीस.
मासोळी दोन तळव्यांवर उताणी धरून
पोटावरून अंगठा फिरवायचा, म्हणायचा,
"हे आठ दिवसानं."
मी नळी घालून अंड्यांचा व्यास मोजायची.
आठ दिवस. कधी नऊ.

पलीकडच्या गोठ्यात गवळाऊ गाय, चौदा नंबरची,
दोन वर्षं माजावर न आलेली.
तिची सरकीची ढेप बंद केली होती, क्षाराची वीट टांगली होती,
आणि ती वीट सोडून
तिथल्या मुलांचे घामेजले मनगट चाटायची.

आषाढात एका संध्याकाळी इंजेक्शनं दिली,
मध्यरात्री पुन्हा एकदा.
पहाटे हाप्यात पाणी घुसळल्याचा आवाज,
मग फेस, मग साबुदाण्यासारखी अंडी
सहाही हौदांची. सारखीच.

सारखीच?
मी तीनदा मोजलं. नमुना बदलून मोजलं.
भिंगाची काच पुसून मोजलं.
ज्यांना काहीच द्यायचं नव्हतं
ते पहिले दोन हौद
जवसवाल्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे.

रेवाराम पायऱ्यांवर चहा ओतत होता.
कपाकडे बघत म्हणाला,
"मॅडम, मीच टाकत होतो जी.
रोज सकाळी एकेक मूठ जवस, घरचं,
बायको चटणीसाठी भाजते त्यातलं, बिनमिठाचं.
एका पंगतीत बसवता,
चौघाइले तेल वाढता, पीठ वाढता,
अन् या दोघाइच्या पानात कोरडं.
लेकुरवाळ्या होणार त्या.
मले नाही पाहवलं."

चिडायला माझ्याकडे
चार महिने, एक शिष्यवृत्ती आणि मार्गदर्शकांचा चेहरा होता.
तुलनागट म्हणजे काय हे मी त्याला
मार्चमध्येच समजावलं होतं, फळ्यावर, खडूनं.
त्यानं मान डोलावली होती.
पंगत हा शब्द तेव्हा मला सुचला नव्हता.

सर म्हणाले, पहिले दोन बाद. पुढच्या वर्षी पुन्हा.
एवढंच म्हणाले. पंखा मोठा केला.

तिसऱ्या दिवशी बाद हौदांचं जिरं
पाण्यात उभं-आडवं थरथरत होतं,
डोळे तेवढे काळे, बाकी काच.
त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक, मलमलीतून गाळून,
सहाही ठिकाणी एकाच चमच्यानं.

दुपारी मी रेवारामला काट्याजवळ बोलावलं.
घाबरून आला, हात पँटला पुसत.
म्हटलं, घरचं जवस आणलंय ना? टाका.
रोज टाकत होता तशी मूठ. पुन्हा. पुन्हा.
अडतीस. एक्केचाळीस. चाळीस.
छत्तीस, ही त्यानं मुद्दाम आखडली असणार.
चाळीस.

नोंदवहीत, पान एकशे सात, निळ्या शाईनं:
हौद एक व दोन, जवस, अनधिकृत,
दररोज एक मूठ (रे. ना.),
सरासरी एकोणचाळीस ग्रॅम.

खाली त्याची सही घेतली.
त्यानं आधी विचारलं,
चौदा नंबरले कोणी काई टाकते का, ते पाहू का जी?