स्टाइल नंबर चौदा

विद्यापीठात आम्हाला शिकवतात
की कपडा आधी कागदावर जन्मतो.
त्याला टेक-पॅक म्हणायचं.
छाती अडतीस, मुंढा साडेसोळा,
इंचाला दहा टाके,
आणि शेवटच्या पानावर किंमत,
कुणाच्या अंगाला लागण्याआधीच ठरलेली.

तिसऱ्या सत्राचा प्रोजेक्ट: ग्राहक निवडा.
तेजालीनं निवडली पुण्यातली, आयटीतली,
शनिवारी गड चढणारी एक मुलगी,
जी तिनं कधी पाहिली नव्हती.
मी कपिलतीर्थ मंडईत गेले
आणि सुंद्राक्का निवडली.
वय?
"लिव की काय बी."
मासिक उत्पन्न?
ती हसली, भेंडीवर पाणी मारलं.

पैसे ती झंपरात ठेवते.
दहाच्या नोटा, घामानं मऊ पडलेल्या.
सुटे द्यायचे तर गिऱ्हाइकाकडं पाठ करायची,
गळ्यातून हात घालायचा, मोजायचं, परत वळायचं.
सकाळी सात ते अकरा, त्रेसष्ट वेळा.
मी कोथिंबिरीच्या पोत्यावर बसून मोजलं,
आम्हाला मोजायलाच तर शिकवलंय.

म्हणून स्टाइल नंबर चौदा:
झंपर, सुती, समोर हुक,
उजव्या बरगडीवर खिसा, पाच बाय साडेचार.
कापड इचलकरंजीच्या मागावरचं, गांधीनगरातून आणलेलं.
दोन मीटर फाडताना गोवर्धनशेठ म्हणाले,
"एवढंच? मला वाटलं दुकान काढताय."

मुजावर सरांनी कॉस्टिंग शीट वाचली,
लाल पेनानं एकच ओळ गोल केली.
खिसा. कापड, दोरा, मजुरी धरून
अकरा रुपये चाळीस पैसे.
"हजार नगांचा हिशेब कर.
खरेदीदार पहिला हाच काढायला लावेल.
पदराखाली जाणार, दिसणार नाही,
दिसत नाही त्याचे पैसे कोण देतो?"
वाईट नाहीत सर.
वीस वर्षं बंगळुरूच्या एक्स्पोर्ट हाऊसात काढली,
किती खिसे काढले असतील
ते आठवत बोलल्यासारखे बोलले
आणि लाल पेन
स्वतःच्या शर्टाच्या खिशात खोचलं.

मी तरीही शिवला.
लॅबमधली सहा नंबरची मशीन,
जी उलटा टाका घेताना ओरडते.

आठवड्यानं झंपर परत आला.
फिट कमेंट्स, तोंडी:
मुंढा आवळतोय. पाटी डोक्यावर घेताना हात वर जात न्हाई.
"तुज्या कागदातली बाई
काय उचलतच न्हाई व्हय?"
खिसा उजवीकडं कशापायी,
उजवा हात तागडीला असतोय.

आणि खिसा तिनं उसवला होता.
आतून बसवला होता, डावीकडं,
काळ्या दोऱ्यानं, इंचाला चार टाके,
तोंड थोडं तिरकं, वर एक सेफ्टी पिन.
मी ओढून पाहिला. हलला नाही.

"भाइर असला की समद्यास्नी कळतंय गं.
पोरगं बघतंय. त्यो बी बघतोय."
तो कोण, ते मी विचारलं नाही.
तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

"खिशाचं किती झालं?"
अकरा चाळीस, म्हटलं.
पाठ न फिरवता, पदराखालून,
तिनं दहाची नोट काढली, वर दोनचं नाणं.
"साठ पैसं तुज्या कालिजाला."

सोमवारी ज्यूरी आहे.
मुंढा पाऊण इंच वाढवला,
कागदावर इंचाला दहाच टाके ठेवले, लाज वाटली म्हणून.
पिन तेवढी परत आण म्हणालीय, ती तिची आहे.
आता झंपर बोर्डावर टाचायचा राहिलाय.
सुलटा टाचला
तर खिसा कुणालाच दिसणार नाही.
उलटा टाचला
तर सगळ्यांना दिसेल.
टाचण्या हातात घेऊन
मघापासून उभी आहे.