आटे

ऑटोमोटिव्ह चौकातून आणलेले वीस नट
डब्यात खुळखुळत होते. काळे, चकचकीत, महाग.
हर्षल गन घेऊन तयारच, उगाच घुर्र घुर्र करत.

पौनीकर मिस्त्रींनी त्याला हातानेच थांबवलं.
खिळ्यावरचा सुटा स्टड काढला,
माझा जुना नट त्यावर फिरवला:
गेला, जसा रोजच्या घरात माणूस जातो.
मग नवा.
दोन फेरे, आणि अडला.

"तुझ्या गाडीले दीडचा आटा लागते बाई, हा सव्वाचा हाय."
पाव मिलिमीटर.
"गननं हाणला असता तं बसलाबी असता.
स्टडची साल काढून बसला असता."

मेच्या दुपारी पुन्हा कामठी रोड, पुन्हा दुकान,
पावतीवरून वाद.

संध्याकाळी दुसरे वीस. नटांना अजून चटका होता,
तरी मिस्त्री बोटांनीच फिरवत गेले,
फुंकर घालत, पाच-पाच फेरे,
पाना बाजूला निजलेला.
एका ठिकाणी किंचित कुरकुर झाली.
मागे आले, ब्रशने आटे झाडले,
नवी सुरुवात.
हर्षल म्हणाला, "इतक्या वेळात चार गाड्या झाल्या असत्या."
मिस्त्री काही बोलले नाहीत.
समोरासमोरचे नट आवळत राहिले.

"कोंढाळीले थांबजो. परत पाना लावजो."

थांबले. ढाब्याच्या ट्यूबलाइटखाली
टक्, टक्, टक्.
डाव्या मागच्या चाकाचा चौथा
केसभर फिरला, मग टक्.

फोन लावला.
पलीकडे कुलरचा आवाज, घास चावण्याचा.
"फिरला ना? मंग बरं झालं थांबली तं."